नव्या रंगातला जुना पेडल

"अजून एक? अरे दादा, पाय ठेवायला जमीन तरी शिल्लक ठेव!"

धाकटी हे पुटपुटली तेव्हा तिचा खांदा माझ्या फळीपासून चार बोटांवर होता, म्हणून मला स्पष्ट ऐकू आले. दादाला आले नाही. तो नव्या खोक्यावरचा कागद सोलण्यात गुंग होता.

मित्रांनो, मी एक जुना पेडल आहे. सायकलचा नव्हे, गिटारचा. गिटार आणि स्पीकर यांच्या मधोमध, जमिनीवर बसणारा लोखंडी डबा. माझ्या डोक्यावर पाय दिला की गिटारचा सरळ आवाज जरा घोगरा, जरा रागावलेला होतो. लोकांनी डोक्यावर पाय द्यावा आणि आपण त्यातच धन्यता मानावी, असे माझे काम. पण मला ते मनापासून आवडते.

मला घडवले मावशींनी. त्या नेमक्या कोणाच्या मावशी हे कोणालाच ठाऊक नाही. रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करता करता त्या सगळ्यांच्याच मावशी झाल्या. माझ्या पोटातली एकेक तार त्यांनी चष्मा नाकावर ओढून, श्वास रोखून जोडली. बाहेरून मात्र कपाटाला लावून उरलेला शेवाळी रंग फासला, आणि तो वाळायच्या आत त्यांचाच अंगठा त्यावर उमटला. माझी बटणे तीन: एक आवाजाच्या मोठेपणाचे, एक घोगरेपणाचे आणि एक धारेचे. धारेचे बटण फिरवले की बारीक, टोकदार सूर वर येतात. नावे लिहायला जागा नव्हती, म्हणून नेलपॉलिशचे ठिपके दिले.

"मावशी, दिसायला अगदीच हा आहे हो," दादा म्हणाला.

"मग लग्न नको लावूस. वाजवून बघ."

त्याने एकदाच तारा छेडल्या आणि मला काखोटीला मारून नेले.

दादा सुतार. दिवसभर करवतीच्या यंत्रावर फळ्या कापायच्या आणि काम आटोपले की कारखान्याच्या मागच्या खोलीत गिटार वाजवायची. धाकटी, म्हणजे त्याची बहीण, बास, म्हणजे खर्जातली गिटार वाजवते. ड्रमवर त्यांचा बालमित्र. त्याला सगळे ठोक्या म्हणतात. अकरा वर्षे मी त्या तिघांच्या पायांत राहिलो. बटणांत भुसा गेला, रंगाचे पोपडे उडाले, पण ऐकणारे दादाला विचारायचे, "हा आवाज कशातून काढतोस रे?" तेव्हा तो बुटाच्या टोकाने मला हळूच ढोसायचा. माझ्यासाठी ती शाबासकीच होती.

मग काहीतरी बदलले. दादा माझे धारेचे बटण थोडे थोडे पुढे सरकवू लागला. "याचा आवाज बसलाय," म्हणायचा. बटण शेवटपर्यंत गेले, तरी त्याचे समाधान होईना. ठोक्या कानांत कापसाचे बोळे घालून यायला लागला. एका कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकेक करून खुर्च्या मागे ओढल्या.

मित्रांनो, माझा आवाज बसला नव्हता. पोटातून निघणारा सूर जसाच्या तसा होता. पण वर्षानुवर्षे त्या करवतीने दादाच्या कानांतून बारीक आवाज एकेक करून कापून नेले होते. आधी चहाच्या किटलीची शिट्टी गेली, मग ठोक्याच्या झांजेची किणकिण. हे धाकटीला कळत होते, ठोक्याला कळत होते. बोलत कोणीच नव्हते. आणि कोणी बोलत नव्हते म्हणून दोष माझ्यावर आला.

मला खिळ्यांच्या डब्याशेजारी फळीवर ठेवले गेले. मग नवे पेडल येऊ लागले. एक चंदेरी, त्यावर चंद्रकोर. एक जांभळा, दाबला की पोटात दिवा लागणारा. एकावर तर अख्खे जंगल रंगवलेले होते. दादा त्यांची चित्रे बघूनच त्यांना पसंत करायचा. चार दिवस खूश असायचा, पाचव्या दिवशी धारेचे बटण शेवटपर्यंत फिरवून म्हणायचा, "हाही थंडच निघाला."

मी फळीवरून जळत होतो, खोटे कशाला बोलू? पण रूपाला अगदीच नावे ठेवू नयेत. धाकटीने तिचा बासचा पेडल केवळ नारिंगी रंगावर भाळून घेतला होता, आणि तो पुढे असला की ती खरोखर सैल हाताने वाजवते. मावशी म्हणतात, रंगाने आवाज बदलत नाही, वाजवणाऱ्याचा हात बदलतो. मला ते पटते. फक्त कान बदलत नाही.

मोठ्या सभागृहातला कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला, तेव्हा दादा बाहेर गेलेला बघून ठोक्या धाकटीला म्हणाला, "या वेळी लोक उठून गेले ना, तर तो गिटार खुंटीला टांगेल. कायमची. तू सांग त्याला."

"तू सांग की. लहानपणापासूनचा मित्र ना तू?"

"तू बहीण आहेस."

"म्हणूनच तर!"

शेवटी धाकटीने मला पिशवीत घातले आणि मावशींपुढे नेऊन ठेवले. "आतलं सगळं हेच राहू द्या. बाहेरून असं करा, की बघताक्षणी प्रेमात पडेल. आणि मावशी, धारेचं बटण… फिरू दे, पण तार सोडवून ठेवा. धार मधोमध पक्की करून टाका."

मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "दुरुस्ती नक्की कशाची करायची आहे, ते ठरवलंस का आधी?"

धाकटी मेजावरचे स्क्रू बोटाने सरळ रांगेत लावत बसली. मावशींनी सुस्कारा टाकून इस्त्री बाजूला सारली आणि मला उघडले.

मी निळा झालो, मित्रांनो! गर्द, चकचकीत निळा. कडेने पितळी पट्टी, मोत्यासारखी तीन बटणे. मावशींनी केलेला नवाच पेडल समजून दादाने मला हातात घेतले आणि लहान मुलासारखा हसला. मीही फुशारलो. अकरा वर्षांत त्याने मला असे दोन्ही हातांनी कधी धरले नव्हते.

कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना, रविवारी दुपारी, तिघे सरावाला बसले. दादाने पाय दिला, वाजवले, वाकून धारेचे बटण फिरवले.

"हां! आता कशी धार आली! बघा, मी म्हणत नव्हतो? देखणा पेडल वाजतोही देखणाच."

ठोक्या हातातली काठी उलटसुलट करून बघू लागला, जणू ती आजच मिळाली होती.

"धाकटे, बस खाली. तू फिरव, मी वाजवतो. फरक ऐक."

ती गुडघ्यांवर बसली. तिची बोटे थंडगार होती. दादा डोळे मिटून वाजवत होता. "अजून थोडं… अजून… नाही, टोचतंय आता, मागे घे. हां, बस्स! इथेच."

बटण कशालाच जोडलेले नव्हते. माझा सूर केसभरही हलला नव्हता. त्या क्षणी माझे निळे रूप मला जड झाले. मी जुना शेवाळी असतो, तर निदान दादाच्या शिव्या तरी खऱ्या खाल्ल्या असत्या.

मित्रांनो, आम्हांला रंगवा, पुसा, आमच्यावर भाळा. आम्हांला ते हवेच असते. पण कोणा आपल्या माणसाला काही कमी पडत असेल, तर त्यावर आमच्यासारख्यांचे झाकण घालू नका. आमची तार तुटली तर मावशी जोडतात. माणसाकडे वेळेत बघावे लागते.

धाकटी उठली नाही. तिथूनच म्हणाली, "दादा, या बटणाला आत तारच नाहीये. मी काढायला लावली."

दादाने डोळे उघडले. हसला. मग हसू जागच्या जागी थांबले. त्याने ठोक्याकडे पाहिले. ठोक्याने कानांतले कापसाचे बोळे काढून मुठीत लपवले. दादाने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"का?" त्याने विचारले.

धाकटीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने, एकेक शब्द सावकाश म्हणाली, "दादा, तुला ऐकू कमी येतंय."