तमाजीचा तिसरा बेत

सरदार तमाजीला मारून टाका, असं मी लहानपणी पप्पांना किती वेळा सांगितलं असेल. रडून सांगितलं, ताट सरकवून सांगितलं, एकदा तर दोन दिवस अबोला धरला. पण पप्पांनी त्या नालायक माणसाला काही मरू दिलं नाही.

गोष्ट सोनखाडी नावाच्या राज्याची. खाडीच्या मध्यात किल्ला, किल्ल्यात राणी आणि राणीच्या उजव्या हाताला हा तमाजी. राणीने भोळेपणाने सगळ्या दरवाजांच्या चाव्या त्याच्याकडे दिलेल्या आणि हा शत्रूला आतून सामील. बरं, शत्रूशी तरी इमान राखावं? तेही नाही. बोटात राणीची अंगठी, कनवटीला शत्रूची, आणि दोघांनाही पत्ता न लागू देता वेलींच्या आड एक होडी बांधून ठेवलेली. एक बेत फसला, की याचा दुसरा तयार. मी म्हणायचे, "पप्पा, आता तरी पकडा ना त्याला." पप्पा म्हणायचे, "कसं पकडणार? त्याच्याकडे अजून एक बेत आहे."

पप्पा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. ड्युटीवरून आले की आधी अंघोळ, मग हातापायांना खोबरेल तेल, मग तमाजी. माझी आई, रमाबाई, स्वयंपाकघरातून ओरडायची, पोरीला अभ्यास करू द्या म्हणून. ती गोष्ट माझ्या लग्नापर्यंत संपली नाही. आई गेल्यावर पप्पा आमच्याकडे राहायला आले आणि आता तीच गोष्ट माझ्या मृणालच्या मानेवर बसली. मृणाल आठ वर्षांची आहे. तिलाही तमाजीला मारायचंय.

किल्ल्याखाली एक पिवळा अजगर असायचा. इतर गोष्टींतल्या राक्षसांसारखा तो आग ओकत नसे, गुरगुरत नसे. जमिनीला पोट घासत गुपचूप यायचा. पायऱ्या उतरायला त्याला आवडायचं, चढायचा मात्र कंटाळा. आधी तळघरं भरायचा, मग विहिरी, मग खाली झोपलेली माणसं. तमाजीच त्याला सोडायचा आणि स्वतः सुटायचा. कसा? पहिला बेत, बुरुजावरचं निशाण बघायचं. निशाण ज्या बाजूला फडफडतंय तिकडे पळायचं नाही, त्याला आडवं निघायचं. आडवं निघता येत नसेल तर दुसरा बेत, तोंडाला ओलं फडकं बांधून वर चढायचं.

"आणि तिसरा?" आधी मी विचारायचे, आता मृणाल विचारते.

"तिसरा मोठ्या माणसांचा आहे. झोप."

त्या दिवशी दुपारी मृणालला सुट्टी होती. सुमित, माझा नवरा, ठाण्याला ऑफिसात. पप्पा हॉलमधल्या कॉटवर पडलेले. त्यांची छाती नोकरीतच गेली. चार पावलं चालले की दम लागतो, म्हणून तर आम्ही तळमजल्यावर घर घेतलं.

आमच्या भागात वास आला म्हणून कोणी पळत नाही, हे आधी सांगायला हवं. खिडक्या लावायच्या आणि वास ओळखायचा, एवढंच. सडका कोबी, जळकं रबर, नेलपॉलिश. मृणाल आणि मी तर पैज लावतो. त्या दुपारी वास आला तो बाथरूम घासायच्या पावडरीचा. मला वाटलं, वर कोणीतरी साफसफाई काढलीये. मी खिडकी लावली आणि कुकर चढवला. शिकलेली बाई मी, डोळे चुरचुरत होते तरी वाटाणे सोलत बसले.

पप्पा कॉटवर उठून बसले.

"अमू, बाहेर निशाण बघ."

"आत्ता कसली गोष्ट, पप्पा? झोपा जरा."

"निशाण बघ म्हणतो ना!"

पप्पा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी खिडकीशी गेले. चौकात चौदा एप्रिलला लावलेला निळा झेंडा अजून होता. तो सरळ आमच्या बिल्डिंगकडे ताणला गेला होता. आणि त्याच्या खालून, गटाराच्या कडेकडेने, गुडघाभर उंचीचं पिवळट धुकं रस्त्याने येत होतं. एक कुत्रा त्यातून पळत निघाला, मध्येच थांबला आणि खाली बसला. मग उठलाच नाही.

हातातली वाटाण्यांची थाळी कधी खाली पडली तेही कळलं नाही. रस्त्यावर लोक स्कूटरवर तिघं-तिघं, चौघं-चौघं बसून स्टेशनच्या दिशेने सुटले होते, झेंडा फडफडत होता अगदी त्याच दिशेने. मी काचेवर थापा मारून ओरडले, "तिकडे नको, अरे, तिकडे नको!" कोणाला ऐकू जाणार?

"आडवं निघता येणार नाही," पप्पा म्हणाले. "माझ्याच्याने तर नाहीच. वर जा. मृणालला घे, फडकं ओलं कर."

"आणि तुम्ही?"

"तिला आधी पोचव. मग सूरजला घेऊन ये खाली. तोवर मी दार लावून घेतो, फटीला ओली चादर लावतो. जा बाळा."

सूरज तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. त्याची रात्रपाळी, म्हणून दिवसा घरी असतो. गच्चीला सोसायटीचं कुलूप असतं, म्हणजे सगळ्यात वर त्याचंच घर. पप्पांचं म्हणणं बरोबर होतं. दोघांना एकदम नेणं मला जमणार नव्हतं. मी मृणालच्या तोंडाला ओली ओढणी बांधली, तिला कडेवर घेतलं आणि दारापर्यंत गेले.

तिथे माझा पाय अडला. पप्पा मला कधी बाळा म्हणत नाहीत. किल्ल्याचं फाटक लावायच्या आधी तमाजी राणीशी असाच गोड बोलायचा. आणि पप्पांनीच मला शिकवलं होतं, अजगर आला की खाली राहायचं नाही, दार लावूनसुद्धा नाही. मग आज ते खाली का राहत होते? मी एकदा बाहेर पडले की हा माणूस कडी लावणार आणि परत उघडणार नाही, हे मला लख्ख कळलं.

ओट्याखाली आईचा पाटा-वरवंटा होता. मृणालला तशीच कडेवर ठेवून मी एका हाताने वरवंटा ओढत आणला. दार आणि चौकटीच्या मध्ये घातला आणि टाचेने लाथा मारून घट्ट बसवला. पप्पा बघत होते.

जिना चढताना मात्र माझा धीर सुटला. दार बंद असतं तर धुकं थोडा वेळ तरी बाहेर राहिलं असतं. दार उघडं ठेवून मीच अजगराला आत बोलावलं होतं. मला उशीर झाला, तर पप्पांना मी मारलेलं असणार. पायात गोळे येत होते, मृणाल मानेला घट्ट लटकली होती आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, दार उघडं आहे, दार उघडं आहे.

सूरजचं दार काही उघडेना. मी हाताने वाजवलं, लाथेने वाजवलं, त्याच्या नावाने शिव्या दिल्या. आतून पंख्याचा आवाज येत होता. शेवटी तो बनियनवर, डोळे चोळत आला.

"क्या हुआ ताई? आग लागली काय?"

"गॅस सुटलाय. पप्पा खाली आहेत. चल!"

त्याने पुढे काही विचारलं नाही. खुर्ची उचलली, टॉवेल नळाखाली धरला आणि निघाला. मी मृणालला आत उभं केलं. फटीला ओली चादर कशी दाबायची ते दाखवलं.

"आई, दार लावू?"

"लाव."

"मग तू कशी येशील?"

"मी हाक मारीन, तू उघडशील. माझीच हाक आली तर उघडायचं. उघडशील ना?"

तिने मान हलवली. मी खाली पळाले.

पहिल्या मजल्यावरच घसा जळायला लागला. तळाच्या पायऱ्यांवर पिवळा थर पसरला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, समोरचं सगळं हलत होतं. पण दार उघडं दिसलं आणि दारात पप्पा दिसले.

ते जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. दोन्ही हातांनी वरवंटा ढकलत होते. दम नव्हता, तोंड उघडं होतं, ओठ निळे पडले होते, तरी ढकलत होते. वरवंटा थोडासा सरकलाही होता.

"काय करताय तुम्ही!" मी किंचाळले. एवढी भीती आणि एवढा राग मला एकाच वेळी कधी आला नव्हता.

"वर जा," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "पोरीला आई पाहिजे. तिसरा बेत... विचारायचीस ना? दार लावायचं. मागे कोण राहिलं... बघायचं नाही. हाच आहे तो. जा."

"तुमचा तमाजी गेला खड्ड्यात. सूरज, उचल!"

सूरजने त्यांना काखेत हात घालून खुर्चीत बसवलं. तो पुढे, मी मागे. पप्पांनी जिन्याचा कठडा पकडून ठेवला. मरणाची ताकद आली होती त्या हातात. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं खोकणं थांबलं आणि मान छातीवर पडली. मी "पप्पा, पप्पा" करत राहिले. सूरज म्हणाला, "ताई, रडू नको, उचल. बाद में रड." मी उचललं.

"मृणाल!"

दार लगेच उघडलं. ती दाराला चिकटूनच उभी होती.

आम्ही आत शिरून फटी बुजवल्या. पप्पांना उशांना टेकवून बसवलं, तोंड पुसलं, डोळ्यांवर पाणी मारलं. त्यांच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. त्या आवाजावर मी जीव ठेवून बसले. तो मध्येच अडायचा आणि माझाही श्वास अडायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा. सूरज सतत फोन लावत होता. बाहेर भोंगा वाजत होता, माणसांचे आवाज येत होते, मग तेही कमी झाले. बऱ्याच वेळाने भोंग्यावर कोणीतरी ओरडून सांगितलं, की गळती बंद झाली आहे, घराबाहेर पडू नका, रुग्णवाहिका गल्लोगल्ली येत आहेत. सूरजचा फोन लागला, त्याने आमचा पत्ता तीनदा सांगितला. निघालेत, म्हणाले.

शिटी जरा सैल झाली. पप्पांनी डोळे उघडले. पांढऱ्याच्या जागी नुसतं लाल होतं.

"दार उघडं ठेवलंस," ते म्हणाले.

"हो. आणि पुन्हा ठेवीन."

त्यांनी मान दाराकडे वळवली. मग म्हणाले, "विश्राम येत होता, अमू. मला दिसत होता."

विश्राम काका पप्पांच्या पाळीत होते. माझ्या जन्माआधी कंपनीत अपघात झाला, त्यात गेले, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोकडे, कोपरच्या गोदूबाईंकडे, पप्पा दरवर्षी चौदा एप्रिलला लाडू घेऊन जायचे. लहानपणी मीही जायचे. गोदूबाई म्हणायच्या, "भगवान भाऊजी, आत या की." पप्पा म्हणायचे, "नको, चपला मळल्यात." इतक्या वर्षांत पप्पांनी त्यांचा उंबरा ओलांडला नाही.

"व्हॉल्व्ह फुटला," पप्पा म्हणाले. "सगळे बाहेर आले. तो मागे राहिला. हात पुढे करून येत होता, दहा पावलं असतील. मी दार लावलं आणि दांडा घातला. बाकीचे वाचले. सगळे म्हणाले, भगवान, बरोबर केलंस. साहेबाने पाठ थोपटली. तो आतून वाजवत होता. थोडा वेळ."

सूरज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझं सगळं लहानपण मी ज्याला शिव्या घातल्या होत्या, त्याचा हात मी हातात धरून बसले होते. तो सोडावासा वाटला नाही. मी अजून घट्ट धरला.

मृणालला विश्राम कोण ते माहीत नव्हतं. पण दार लावणारा माणूस कोण, ते तिला पक्कं माहीत होतं. ती सरकत सरकत आजोबांच्या गुडघ्यापाशी आली.

"आजोबा, म्हणजे आज तमाजी मेला?"

पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मरणारच होता गं. तुझ्या आईने दारात वरवंटा ठेवला."