शेवटच्या खुर्चीची शिसारी

मित्रांनो, मी खुर्ची आहे, आणि जुनी आहे हे माझ्या फाटलेल्या रेक्झिनवरून कोणालाही कळेल. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसले आले आहे आयुष्य! पण माझ्या बैठकीखाली एकदा हात घालून बघा. बोटांना जे लागेल, त्याने तुम्ही 'शी!' म्हणून हात झटकाल. असले काहीबाही अंगाला चिकटवून घेत मी वर्षे काढली आहेत. तेव्हा माझे बोलणे जरा तिरसट वाटले, तर समजून घ्या.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. माझी गादी ज्या बाईंनी शिवली, त्यांनी शेवटचा टाका घालून माझ्यावर बसून पाहिले. त्यांचे पाय काही जमिनीला टेकेनात. "कुणा ताडमाडासाठी केलीय गं तुला!" असे म्हणून त्या खूप हसल्या. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

टोलेडोच्या बास्केटबॉल संघाने आमची अख्खी रांग विकत घेतली आणि मैदानाच्या कडेला मांडली. पहिल्या खुर्चीवर कोच, मग त्यांचे मदतनीस, मग जे लवकर आत जाणार ते खेळाडू. सगळ्यात शेवटी, ओल्या टॉवेलांच्या पिंपाला खेटून, मी. माझ्यावर बसायचा तो नवखा, ज्याला कोणी हाक मारत नाही. त्यांचा घाम माझ्यात मुरला. गुडघ्यावरच्या बर्फाचे पाणी माझ्या शिवणीत झिरपले. दातांवरची रबरी कवचे थुंकीसकट माझ्या कडेवर ठेवली गेली. पण सगळ्यात घाण म्हणजे च्युइंगगम. लाखो डॉलर कमावणारी ही माणसे, पण तोंडातला चोथा टाकायला त्यांना खुर्चीची खालची बाजूच सापडते!

त्यावर आमच्या संघात एक रीत होती. मोसम सुरू होण्याआधी नवख्या पोरांनी हातात पत्र्याची पट्टी घ्यायची आणि सगळ्या खुर्च्या उलट्या करून खालचा च्युइंगगम खरवडायचा. पोरगा कुठून आला, किती नावाजलेला आहे, हे कोणी विचारत नसे. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर वाट पाहत असे.

माझ्या आठवणीत सगळ्यात मन लावून खरवडले ते रुबेन टॉलिव्हरने. त्याला कोणत्याच संघाने निवडले नव्हते. आमच्या दाराशी येऊन त्याने संधी मागितली होती. तो माझ्यावर इतका काळ बसला की माझी गादी त्याच्या अंगाची झाली. हाक येत नसे, तरी जॅकेटच्या आत जर्सी नीट खोचलेली आणि बुटांच्या नाड्या आवळलेल्या. शेजारचे त्याची टर उडवत. "अरे, कुणाच्या लग्नाला निघालास का?" तो म्हणे, "हाक आली आणि मीच तयार नसलो, तर बोंब कुणाच्या नावानं मारू?" एके दिवशी हाक आली, आणि मग तो सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचात जाऊन बसला तो कायमचाच. पुढे कैक वर्षे मैदानात उतरण्यापूर्वी तो वाट वाकडी करून माझ्याकडे येई आणि माझ्या पाठीला थाप मारून जाई.

आता ज्याची मला शिसारी आली, ते सांगते. आमच्या खेळात जो संघ सगळ्यात जास्त हरतो, त्याला उन्हाळ्यात नव्या पोरांतला उत्तम पोरगा मिळण्याची संधी जास्त. दुबळ्यांना आधार म्हणून हा नियम केलेला. आमचे मालक वेंडेल ब्रँटली यांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. त्यांनी ठरवले की यंदा हरायचे. धडधाकट खेळाडूंना पोटरी दुखते म्हणून बसवून ठेवले. प्रेक्षकांना हे कळत होते, आणि आम्ही हरलो की तेच टाळ्या पिटत होते! हरून टाळ्या घेणारी माणसे मी त्या वर्षी पाहिली. रुबेन तेवढा जीव तोडून धावत होता, तर त्याच्याच गावचे लोक ओरडत, "अरे, बस की खाली! जिंकवतोस की काय?"

त्या घाणीतून आम्हाला मिळाला जमारियस पेटिफर्ड. वय एकोणीस, निवडीत दुसरा क्रमांक. त्याने आमच्या मैदानावर चेंडू एकदाही आपटला नव्हता, तेव्हाच शहरातल्या बसगाड्यांवर त्याचा चेहरा झळकला. खुर्च्या खरवडायच्या दिवशी त्याला फोटो काढायला नेले. दुसऱ्या नवख्यांनी ते पाहून पट्ट्या खाली टाकल्या. त्या वर्षी च्युइंगगम तसाच राहिला.

त्याच आठवड्यात कोच हॅनिगन यांनी रुबेनला माझ्यापाशी बोलावले.

"रुबेन, पहिल्या पाचात तुझ्या जागी पोरगा."

"त्यानं काय केलं ती जागा मिळवायला?"

"त्याच्या नावाचे शर्ट खपलेत."

"शर्ट काय बचाव करणारेत, कोच?"

"माझ्याशी नको वाद घालूस. वरून आलंय."

रुबेनचा करार त्या मोसमाबरोबर संपत होता. चौतिसाव्या वर्षी जो मैदानात दिसत नाही, त्याला पुढच्या उन्हाळ्यात कोणी विचारत नाही. म्हणजे इथे बसून राहणे हाच त्याच्या खेळाचा शेवट होता. हे त्यालाही माहीत होते, कोचनाही. तरी तो माझ्यावर येऊन बसला. त्याला पाठीशी घेताना पहिल्यांदाच मला आनंद झाला नाही.

सामन्याआधी दिवे मालवत, ज्वाळा उडत, आणि पोराचे नाव गर्जे. मग खेळ सुरू होई आणि समोरचा खेळाडू त्याला सहज चकवून निघून जाई. पंधरवड्यात त्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवायला सुरुवात केली. मला मेलीला बरे वाटे. मी म्हणे, बसवा त्याला वर्षभर माझ्यावर, घाम मुरू दे, मग कळेल!

एकदा विश्रांतीला तो रुबेनशेजारी येऊन टेकला. हळूच म्हणाला, "म्हातारबा, समोरचा दर वेळी डावीकडून कसा रे निसटतो?"

रुबेनने मान वळवली नाही. "बसवरच्या तुझ्या फोटोला विचार."

पोराचा हात सहज माझ्या बैठकीखाली गेला आणि झटक्यात बाहेर आला. "शी! हे काय आहे?"

"तुझं काम," रुबेन म्हणाला.

खरे सांगते, तेव्हा मला रुबेनचाही राग आला. शिकायला आलेल्याला असे तोडून टाकायचे, तर शेवटच्या खुर्चीवर बसून कोण काय शिकणार? एकाला न कमावता सगळे दिलेले, दुसऱ्याचे कमावलेले काढून घेतलेले, आणि दोघेही माझ्यापाशी कुढत बसलेले. कोच दोघांकडेही बघत नव्हते.

रुबेनला हाक येईना. आधी त्याच्या नाड्या सैल राहू लागल्या. मग तो पाठीला थाप मारायचे विसरला.

फेब्रुवारीतला सामना. शेवटचे सत्र, आम्ही पाच गुणांनी मागे. पेटिफर्डच्या नावावर पाच फाऊल झाले होते, एक आणखी झाला की तो बाहेर, म्हणून कोचनी त्याला बसवले होते. समोरचा खेळाडू सुसाट सुटला होता. कोच रांगेच्या टोकाकडे ओरडले, "रुबेन! ऊठ!"

रुबेन दचकून उठला. जॅकेटची चेन खाली ओढली, आणि तिथेच थांबला. आत नुसता बनियन होता. हाक येणारच नाही असे धरून तो जर्सी कपाटातच ठेवून आला होता.

हे मोठ्या पडद्यावर दिसले. सगळे स्टेडियम खो खो हसले. ज्याची तयारी बघून मी मोठी झाले, त्या माणसाने चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि तो माझ्यावर असा बसला की माझे पाय करकरले. "बस तिथंच, म्हाताऱ्या!" कोच गरजले आणि दुसऱ्याला आत धाडले.

तेवढ्यात पेटिफर्ड उठला. ज्याला मालकांनी पाण्याची बाटलीही उचलू दिली नव्हती, तो पोरगा भर सामन्यात कपडे बदलायच्या खोलीकडे धावत सुटला. परतला तेव्हा धापा टाकत होता आणि हातात रुबेनची जर्सी होती.

"घाल लवकर, म्हातारबा. सगळे बघतायत."

रुबेनने जर्सी घातली, तेव्हा कोचनी त्या दुसऱ्याला परत बोलावून रुबेनला आत जायची खूण केली. जाताना त्याने पोराला खांद्याला धरून माझ्यावर बसवले. "इथून बघ. चेंडूकडे नको, त्याच्या कमरेकडे बघ. माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्यानं फसवतो, कमरेनं नाही फसवत."

मग रुबेनने त्या सुसाट सुटलेल्या खेळाडूला असे बांधून ठेवले की आम्ही दोन गुणांनी जिंकलो. पोरगा माझ्या कडेवर पुढे सरकून बघत होता. "कंबर... कंबर..." असे पुटपुटत होता. त्याच्या आधीचे नवखेही माझ्यावर असेच पुढे सरकून बसत.

दुसऱ्या दिवशी पुढच्या सामन्याचे पहिले पाच ठरले. रुबेनचे नाव नव्हते.

"काल जिंकलो ना आपण?" रुबेनने विचारले.

"पोस्टरवर तुझा फोटो आहे का?" कोच म्हणाले. मला ओकारी येत असती, तर तेव्हाच आली असती. पोरगा शेजारीच उभा राहून ऐकत होता.

सामन्याच्या संध्याकाळी दिवे मालवले. ज्वाळा उडाल्या. "जमारियस पेटिफर्ड!" अशी गर्जना झाली. प्रकाशाचा झोत खेळाडूंच्या वाटेवर पडला, आणि तिथे कोणी नव्हते. झोत भिरभिरत रांगेवर आला आणि माझ्यावर थांबला. पोरगा माझ्यावर बसला होता, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून.

कोच धावत आले. "ऊठ! नाव घेतलंय तुझं!"

पोराने चेन खाली ओढली. आत नुसता बनियन.

"जर्सी कुठाय?"

"विसरलो, कोच."

"विसरलास? मालक वर बसलेत, कळतंय का तुला?"

"रुबेनपण विसरला होता. त्याला तुम्ही इथंच बसवलंत. मलाही बसवा." मग तो जरा घुटमळला. "मला येत नाहीये हो अजून. सगळ्यांना दिसतंय. शिकू तरी द्या."

भोंगा वाजला. कोचनी दातओठ खात रांगेकडे पाहिले. रुबेन आधीच उभा होता. त्याने चेन ओढली. या वेळी आत जर्सी होती, नीट खोचलेली. तो वाट वाकडी करून माझ्याकडे आला. थाप मारायला त्याने हात उचलला, पण माझ्या पाठीला पोरगा टेकलेला होता. म्हणून ती थाप त्याच्याच पाठीवर बसली.

मालकांनी पोराला दंड केला, आणि त्याच आठवड्यात संघाच्या दुकानात गळ्यापर्यंत चेन असलेली जॅकेटे विकायला ठेवली. त्यांच्याबद्दल मी आणखी काही बोलत नाही.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सराव सुरू व्हायच्या आधी, कोणीतरी मला उलटे केले. पेटिफर्ड होता. हातात पत्र्याची पट्टी. एवढा लांबलचक पोरगा मांडी घालून जमिनीवर बसला होता आणि नाक मुरडत खरवडत होता. रुबेन मागे उभा राहून डोनट खात होता.

"कोपऱ्यातलं राहिलंय," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर काढ की."

पोराने कोपरा साफ केला. जॅकेटे खपत होती, म्हणून वरून पुन्हा काही आले नाही; मोसम संपेपर्यंत पहिल्या पाचात रुबेन खेळला, आणि उन्हाळ्यात त्याला आणखी एका वर्षाचा करार मिळाला. त्या पुढच्या वर्षी मध्यावर कधीतरी त्याने आपली जागा सोडली. तेव्हा ती पोराने मिळवलेली होती, आणि रुबेन ती त्याला हसत देऊन माझ्यावर येऊन बसला.

आता मी सामानाच्या खोलीत घडी होऊन पडले आहे. नव्या खुर्च्यांना मऊ गाद्या आहेत म्हणे. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणी कितीही मोठ्या नावाने आला, तरी त्याला शेवटच्या खुर्चीवर बसू द्या, आणि तो बसला की त्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बोला. आणि तोंडातला च्युइंगगम कागदात गुंडाळून टाका. खुर्चीखाली कोणाचा तरी हात जातो.