दोनच्या पुढचे आकडे

चेंडूला चेहरा होता. पिवळ्या रबरावर काळ्या रंगाचे दोन डोळे आणि एक हसू. त्यातला एक डोळा आधीच्या माणसांच्या अंगठ्यांनी पार पुसून टाकलेला, त्यामुळे तो हसता हसता डोळा मारतोय असं वाटत होतं – आणि असल्या आगाऊ गृहस्थाला मुठीत धरून झोपायचं, दुखलं की दाबायचं, असा या त्वचेच्या दवाखान्यातला रिवाज होता. तिने तो तळव्यावर ठेवला होता, दाबला नव्हता. पाहुण्यांचं तान्हं मूल हातात द्यावं आणि ते परत कधी घेतील याची वाट पाहावी, तसा.

"शून्य ते दहा, काकू," यंत्रवाली मुलगी म्हणाली. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही. पाच-सहापर्यंत चालेल. त्याच्या वर गेलं की लगेच बोलायचं, मी कमी करते. आत्ता किती?"

"दोन," ती म्हणाली.

दोन हा आकडा तिने विचार करून काढला नव्हता. कशा आहात विचारलं की मजेत म्हणतात, त्याच कप्प्यातून तो बाहेर आला होता. शून्य म्हटलं असतं तर यंत्राचा अपमान. तीन म्हटलं असतं तर कुरकुर. दोन म्हणजे सभ्य माणसाचं दुखणं.

जबड्याच्या उजव्या कडेवरून, गार जेलीच्या ओघळावरून, यंत्राचं बाटलीच्या बुचाएवढं तोंड वरखाली फिरत होतं. आधी कोमट, चहाचा कप गालाला लावावा तसं... मग तोच कप नुकता भरल्यासारखा... मग हाडापाशी आलं की आत कुठेतरी, कातडीच्या खालच्या मजल्यावर, कुणीतरी इस्त्री विसरून गेल्यासारखं.

"आणि आता?"

"दोनच."

"आई गं!" कोपऱ्यातल्या खुर्चीतून धाकटी बहीण कळवळली.

"तुला काय झालं?"

"मला बघवत नाही, ताई."

"मग बघू नकोस."

"वा! बघायला तर आलेय."

सुन्न करायचं मलम लावत नाही का, असं धाकटीने आल्या आल्या विचारलं होतं, दुकानात पिशवी देत नाही का, या सुरात. मुलीने सांगितलं होतं, हे यंत्र आत ऊब देतं, कातडी त्या उबेने आवळते. सुन्न करून ठेवलं तर भाजलं तरी कळायचं नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मला आतलं कळणार. ताईने मान डोलावली होती. मान डोलावताना मनात म्हणाली होती, माझं मी बघून घेईन, बाई. न हलणं मला कुणी शिकवायला नको.

कारण न हलणं हाच तिचा धंदा. चित्रकलेच्या शाळेत, खडूने आखलेल्या जागेवर पाय ठेवून, स्टुलावर बसायचं आणि घंटा होईपर्यंत बसलेलंच राहायचं – मुलं समोर कागद घेऊन डोळे बारीक करतात, पेन्सिल धरलेला हात लांब करून तिचं नाक मोजतात. मुलं तिला पुतळामावशी म्हणत. इतर मॉडेलं मध्येच मान सोडवत, पाय झाडत. पुतळामावशीने घंटेआधी विश्रांती मागितल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं. तिची युक्ती साधी होती. कंबर भरून येवो, मान आखडो, नाकाला खाज सुटो – ती सगळी मंडळी गोळा करून उजव्या पायाच्या अंगठ्यात पाठवायची. चपलेच्या आत. तिथे त्यांनी काय वाटेल तो गोंधळ घालावा. अंगठ्याचं चित्र कुणी काढत नाही.

आताही तिने तेच केलं. हनुवटीखालची आच उचलली, मानेवरून, पाठीवरून, गुडघ्यावरून नेली आणि मोज्यात सोडली.

"किती, काकू?"

"दोन."

...शाळेतला मास्तर वाईट माणूस नव्हता. तसं असतं तर सोपं झालं असतं. पूर्वी तो वर्गात विषय सांगायचा – 'प्रतीक्षा', 'निश्चय', एकदा तर 'विजय' – आणि ती त्याप्रमाणे मान वळवायची, खांदे मागे न्यायची, हात टेकवायची. मास्तर लांबून बघून म्हणायचा, वा, वा, तसंच. गेल्या सत्रात एक दिवस तो फळ्याकडे गेला, 'थकवा' असं लिहिलं, आणि तिने खांदे पाडायला सुरुवात केली तोच म्हणाला, "नाही नाही, मावशी, तुम्ही काही करू नका. तुम्ही फक्त बसा." आणि मुलांना म्हणाला, "हनुवटीखाली बघा. किती सुंदर लोंबतंय. असं मुद्दाम करून मिळत नाही."

मुलांनी बघितलं. घंटा होईपर्यंत बघितलं. आदल्या रात्री तिला गाढ झोप लागली होती, पोटभर न्याहारी झाली होती, जिने चढून आल्यावर धापही लागली नव्हती. आणि समोरच्या सगळ्या कागदांवर हळूहळू एक दमलेली बाई तयार होत होती, तिच्या परवानगीशिवाय.

मी थकलेली नाही. एवढंच मला म्हणायचं होतं, पण मॉडेलने बोलायचं नसतं. म्हणून मग हे. सुंदर व्हायला नाही आले मी इथे – धाकटी सगळ्यांना तसं सांगत फिरेल, फिरू दे – माझ्या हनुवटीने माझ्या नावावर काहीबाही सांगणं बंद करावं, एवढ्यासाठी. पुढच्या सत्रात मास्तरने फळ्यावर 'थकवा' लिहावं आणि मला म्हणावं, मावशी, जरा खांदे पाडा. पाडीन. मग आनंदाने पाडीन.

यंत्र थांबलं.

मुलीने जेली पुसली, वाकून बघितलं, गार हवेची नळी गालाशी धरली आणि म्हणाली, "काकू, इथे चांगलंच लाल झालंय. उतरेल. पण आणखी जरा वेळ फिरवलं असतं तर फोड आला असता. तुम्ही दोन म्हणत होतात."

"दोनच होतं."

"तुमच्या पायाचा अंगठा छताकडे बघतोय मघापासून."

धाकटी फिस्सकन हसली. सरळ उभा ताठ अंगठा, मोजा ताणून – वर्गात जो चपलेत असतो, त्याने इथे चपला दाराबाहेर काढून ठेवल्याबरोबर घात केला होता. शाळेत कुणाला दिसला नाही, आणि या पोरीला...

"मी डावी बाजू करणार नाही," मुलगी शांतपणे म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "खरं सांगणार असाल तर करते. नाहीतर इथेच थांबू."

"म्हणजे अर्धंच?"

"अर्धंच."

"छान!" धाकटी म्हणाली. "उजवीकडून माझी धाकटी दिसशील, डावीकडून माझी थोरली. वर्गात मधोमध रेघ मारून दोन विषय काढतील."

"गप बस गं."

"मी नाही गप बसणार. तू बसतेस तेवढं पुरे आहे. आई केस विंचरायची तेव्हा तरी कधी बोललीस?"

ती बोलली नव्हती. आईला कामावर जायची घाई असायची. दोघींना पुढ्यात ओढून ती कंगवा चालवायची, आणि गुंता आला की धाकटी कंगवा लागायच्या आधीच किंचाळायची. आई म्हणायची, बरं बाई, हळू करते. आणि खरंच हळू करायची. थोरली ओठ मिटून बसायची, तिच्या गुंत्यातून कंगवा सरळ खाली यायचा, केसांसकट. मग आई शेजारणीला सांगायची, मोठीचं मला काही बघावं लागत नाही, सोसते ती... ते सांगताना आईच्या आवाजात जे काही असायचं, त्यावर ती आजवर बसून होती. स्टुलावर, खडूच्या आखलेल्या जागेत. पण सोसते म्हणून कंगवा जोरात चालायचा, की जोरात चालायचा म्हणून सोसायला शिकली – हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता, आणि आता पडला तो इथे, अर्धा चेहरा लाल झालेला असताना, एक चेंडू डोळा मारत असताना.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं. "ओरडलं की हळू करते, हे?"

"म्हणजे काय! म्हणून तर ओरडायचे," धाकटी म्हणाली. "निम्म्या वेळा दुखायचंही नाही."

छताला पाण्याचा एक जुना डाग होता. तिने त्याच्याकडे बघून घेतलं. उठून जाता येईल. अर्ध्या चेहऱ्याने जिना उतरता येईल, कुणाला कळणारही नाही. खरा फरक महिन्या-दोन महिन्यांनी दिसतो, असं मुलगीच म्हणाली होती. पण मग डावी बाजू दमलेलीच राहणार, आणि मास्तर नेमका डावीकडून...

"कर," ती म्हणाली. "सांगेन."

जेली गार लागली. यंत्र कानापाशी टेकलं, खाली सरकलं. कोमट. चहाचा कप. तिने सवयीने आच उचलली, मानेपर्यंत नेली, आणि मानेपाशी थांबवली. जाऊ नकोस तिकडे. राहा इथेच, बघू कोण आहेस ती. जबड्याच्या कडेला, हाडाच्या वळणावर, ती मोठी झाली, टोकदार झाली–

"किती?"

"दो..."

कोपऱ्यातली धाकटी खुर्चीत पुढे सरकली.

"सात," ती म्हणाली.

आवाज जरा मोठाच निघाला. मुलीने ना कौतुक केलं, ना आश्चर्य. एका हाताने यंत्रावर काहीतरी मागे फिरवलं, दुसऱ्या हाताने गार हवा जवळ आणली, आणि आच मागे सरली. बस. दाराशी आलेल्या माणसाला आज नको म्हणावं आणि त्याने बरं म्हणून निघून जावं, इतकं साधं. तिला आधी बरं वाटलं आणि लगेच राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं – एवढंच होतं? एवढ्याने थांबतं? घंटा व्हावी लागत नाही?

"दुखलं का काकू? थांबू?"

"नाही. थांबायचं नाही," ती म्हणाली. "पूर्ण करायचंय मला."

हाताला काहीतरी मऊ लागलं. चेंडू मुठीत आवळला गेला होता. हाताचा अंगठा त्याच्या उरलेल्या डोळ्यावर होता, आणि तो कधी तिथे गेला ते तिला कळलं नव्हतं.

यंत्र पुन्हा हनुवटीखाली आलं.

"आता किती?"

दोन नव्हतं. सातही नव्हतं. मधे बरेच आकडे होते आणि तिची त्यांच्याशी ओळख नव्हती. एकेकाला चेहऱ्यासमोर धरून बघावं लागणार होतं. चार असेल... की पाच? मोज्यातला अंगठा आडवा पडून होता, काम सुटलेल्या माणसासारखा, आता आपण काय करायचं असतं ते न कळून.

"थांब," ती म्हणाली. "बघून सांगते."