खोबरेल लावलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, इंजिनाचा. सध्या माझे एक टोक नीरफणसाच्या बुंध्याला असते आणि दुसरे एका डुकरिणीच्या मागच्या पायाला. तिला माझा राग येतो. रोज ती मला चावते. मी तिला दोष देत नाही, मित्रांनो. दोष देणे किती सोपे असते, ते मी सोसून पाहिले आहे.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. रबराच्या पोटात दोऱ्यांचे पीळ भरून मला गोल केले, आतल्या बाजूने सहा धारा पाडल्या आणि कागदी पाकिटात घातले. बोटीने मी दूर दक्षिण समुद्रातल्या सावाई बेटावर आलो. दुकानातल्या खिळ्याला दोन वर्षे लटकलो. मग मालाकी आला. त्याने मला वाकवून पाहिले, उन्हात धरून पाहिले, नाकाशी नेऊन हुंगलेसुद्धा. "ताजा आहे," म्हणाला, जणू मी मासाच होतो!

त्याच्या पिकअपमध्ये माझे काम सुरू झाले. इंजिन मला फिरवी आणि मी इतरांना फिरवी. पाणी खेळवणारा पंप माझ्यावर चाले, बॅटरी भरणारे यंत्र माझ्यावर चाले. वाटेत एक छोटी कप्पी होती. तिच्यावर काहीच चालत नसे. ती फक्त माझ्या पाठीला टेकून मला ताणून ठेवी, ढिला पडू देत नसे. तिचे नाव कोणी घेत नसे. माझी सगळ्यात जवळची शेजारीण तीच.

मालाकीचे कान फार चांगले होते. इंजिनातून वेगळा आवाज आला की तो आधी बाटलीतले थोडे पाणी माझ्यावर शिंपडी. आवाज बदलला तर दुखणे माझे. जराही बदलला नाही, तर दुखणे दुसऱ्याचे. मग इंजिन बंद करून तो मला उतरवी आणि एकेक कप्पी हाताने फिरवून पाही. बरी कप्पी गप्प फिरते. आजारी कप्पीच्या पोटात वाळू खरखरते.

"ओरडतो एक नि दुखतं दुसऱ्यालाच," तो आपल्या मुलाला, एनेलिकोला सांगे. "आधी विचारायचं, मग हात लावायचा. कळलं?"

"कळलं हो, बाबा," एनेलिको म्हणे, आणि फोनमध्ये बघत बसे.

सहा वर्षे आम्ही अळूचे कंद वाहिले, नारळ वाहिले, चर्चच्या गायकांना वाहिले. मग मालाकीची मूत्रपिंडे थकली. त्याला समुद्रापलीकडे, आपियाच्या इस्पितळात नेऊन ठेवले. त्याच्या बहिणीची मुलगी तिकडेच होती, ती त्याच्याजवळ राही. पिकअप एनेलिकोच्या हाती आली.

आणि त्याच महिन्यात शेजारणीच्या बेअरिंगमधले ग्रीस सुकायला लागले.

ती ओरडू लागली. पण ती ओरडे माझ्या पाठीला टेकून, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे, मीच किंचाळतो आहे. मी काय करणार? मला तोंड नाही.

एका संध्याकाळी एनेलिकोला मळ्यातून यायला उशीर झाला. आमच्याकडे तिन्हीसांजेला शंख वाजला की गाव जागच्या जागी थांबते. घराघरांत प्रार्थना सुरू होते आणि लुंग्या नेसलेले पुरुष रस्त्यावर पहाऱ्याला उभे राहतात. एनेलिकोचे घर शंभर पावलांवर होते. त्याला वाटले, पोचू. भिंती नसलेल्या त्या साऱ्या घरांमधून, भजनाच्या ऐन मध्यात, आमची किंकाळी गेली.

"अरे, बॉनेटखाली डुक्कर कापतोस का?" पहाऱ्यावरचा एकजण दबक्या आवाजात म्हणाला.

"पट्टा आहे, दादा. जुना झालाय."

"मग त्याला भजन तरी शिकव. सुरात ओरडेल!"

हसले सगळे. पण दुसऱ्या दिवशी पंचांनी एक डुक्कर दंड केले, आणि पुन्हा असा आवाज आला तर दोन, असे बजावले. एनेलिकोला फार लागले. बाप इस्पितळात, आणि घराण्याचे नाव असे चारचौघांत निघाले.

तेव्हा आफूआत्या आली. मालाकीची थोरली बहीण. अख्खे गाव तिच्याकडे हातपाय चोळून घ्यायला येई. बापाच्या बहिणीचा शब्द आमच्या बेटावर कोणी खाली पडू देत नाही. तिने खोबरेलाची बाटली आणली होती, आत फुले टाकलेली.

"उघड ते झाकण."

"आत्या, याला तेल चालतं का पण?"

"सांधा आहे ना? फिरतो ना? मग? तुझ्या बापाचे गुडघे कुणी सरळ केले?"

एनेलिकोने मान खाली घातली आणि बॉनेट उघडले. आत्याने मला असे मायेने चोळले, मित्रांनो, की काय सांगू! इतक्या प्रेमाने मला कोणी कधी हात लावला नव्हता. कप्पीच्या आसावरही तिने चांगली धार सोडली. इंजिन सुरू झाले. आवाज नाही! आत्याने हात पुसले. "संधिवात होता," म्हणाली.

शेजारीण गप्प झाली, पण बरी झाली नव्हती. पातळ तेलाने तिच्या पोटातले उरलेसुरले ग्रीस धुऊन नेले. मी मऊ पडलो, फुगलो, घसरू लागलो. हे सारे कोणाला सांगायचे? आमचा आवाजच आता बंद केला होता.

त्या आठवड्यात मालाकीचा फोन आला. गाडी उभी होती आणि फोन मोठ्या आवाजावर, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"आवाज करत होती म्हणे गाडी?"

"गेला आवाज, बाबा."

"गेला कसा? पाणी टाकून पाहिलंस?"

एनेलिकोने बॉनेटवर सांडलेले तेल बोटाने पुसले. "हो. पाहिलं."

"मग? बदलला का?"

"बदलला ना. पट्टाच होता. तुम्ही झोपा बघू."

मग एका रविवारी दुपारी निरोप आला. मालाकी एनेलिकोला बोलावत होता. वेळ फार नव्हता. चारची बोट शेवटची. रविवारी बस नसते. चर्चनंतरचे मोठे जेवण जेवून सारे बेट आडवे झालेले असते. एनेलिको एकटाच निघाला.

बोटीचा धक्का दोन गावे दूर राहिला असताना, चढावर, शेजारीण जागीच आवळली. फिरेना. इंजिन मला ओढत होते आणि ती मला सोडत नव्हती. मी जळलो. धूर झाला, धारा सोलल्या, आणि मी तुटून खाली लोंबकळलो. पंप थांबला. पाणी उकळून बॉनेटखालून वाफ आली.

एनेलिको उतरला. त्याने मला ओढून काढले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मला हातात घेऊन तसाच धावत सुटला. मला टाकून द्यायचेही त्याला सुचले नाही. दोन्ही बाजूंच्या घरांत माणसे झोपली होती. एका म्हाताऱ्याने उठून आपली गाडी काढली, सदराही न घालता. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीची पाठ दिसत होती. वर ओढून घेतलेली चढायची फळीही स्पष्ट दिसत होती. एनेलिकोने हाक मारली. बोटीला कोण हाक मारतो?

सोमवारी पहिल्या बोटीने तो गेला, मी त्याच्या पिशवीत. मालाकी पहाटेच गेला होता.

"सारखा विचारत होता," भाचीने सांगितले, "पोरानं पाणी टाकून पाहिलं का म्हणून. आम्हाला काही कळेना, कसलं पाणी."

मालाकीला घरी आणल्यावर किलीसी मिस्त्री समाचाराला आला आणि जाता जाता, रस्त्यावरून ओढून आणलेली पिकअप बघून गेला. कप्पी काढून त्याने ती फिरवायला पाहिली. फिरली नाही. त्याने नाकाशी धरली.

"पट्ट्याचं काही नव्हतं रे. ही गेली होती. आणि यात खोबरेल कुणी घातलं?"

आफूआत्या चटईवर भावाच्या उशाशी फुले सारखी करत बसली होती. तिचा हात थांबला.

"मी," एनेलिको म्हणाला. "मीच घातलं."

आत्याने पुन्हा चटईवरची फुले सारखी करायला घेतली. त्यानंतर मी तिला कोणाला तेल लावताना पाहिलेले नाही.

अंत्यविधीच्या जेवणाची डुकरे बांधायला दोर कमी पडले, तेव्हा मला वापरले. तेव्हापासून मी इथे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात काही किंचाळले, यंत्र असो की माणूस, तर त्याला नुसते गप्प करू नका. कोणाचे दुखते आहे ते आधी विचारा. आणि विचारले नसेल, तर विचारले असे सांगू नका. मला एवढेच सांगायचे होते. ज्याला सांगायला हवे होते, त्याला सांगता आले नाही.

परवा एनेलिको बाटली घेऊन आला. माझ्याजवळ उकिडवा बसला, माझ्यावर थोडे पाणी शिंपडले आणि कान देऊन ऐकत राहिला. डुकरीणही थांबून बघत होती. मी आता कशालाच फिरवत नाही. मग आवाज कुठून यावा?