थर्मोस्टॅटला आलेला ताप

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सबाह अल-सालेममधल्या एका तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या भिंतीवरचा एसीचा थर्मोस्टॅट आकडे दाखवायचं सोडून ई-२ असं दाखवू लागला. त्या क्षणापासून छतातल्या जाळ्यांतून वारा यायचा थांबला. बाहेर अठ्ठेचाळीस होतं. कुवेतमध्ये ऑगस्टात अठ्ठेचाळीस झालं की लोक एकमेकांना आज जरा बरं आहे असं सांगतात.

मंगळवारी इमारतीचा एसी मेकॅनिक तुकाराम आला. हा मूळचा चिपळूणचा. त्याने गच्चीवरच्या मशीनचं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि मशीन गेलं म्हणाला. बुधवारी सकाळी मालकाच्या ऑफिसातल्या मॅनेजरचा निरोप आला: नवं मशीन ऑक्टोबरात येईल. तोपर्यंत घर रिकामं करावं. कागद घेऊन चार वाजता येतो, सही तयार ठेवा. मशीनला ऑक्टोबरपर्यंत वेळ होता. पण रविवारी, म्हणजे मशीन जायच्या एक दिवस आधी, कुणीतरी अनोळखी गृहस्थ येऊन बेडरूमच्या खिडकीचं पडद्यासाठी माप घेऊन गेले होते.

कुसुम पेडणेकर तीन वाजता आयसीयूची ड्यूटी संपवून घरी आली, तेव्हा यजमान हरिश्चंद्र बनियनवर बसून पेन शोधत होते.

"पेन कशाला?"

"सहीला. चार वाजता येतोय तो."

"अहो, सही-बिही काही होणार नाही. माझी दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. ती मी याच घरातून काढणार. एकोणीस वर्षं राहिले, आता ऑगस्टात बिछाने डोक्यावर घेऊन हिंडू?"

"कुसुम, कोड आलाय."

हरिश्चंद्र मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कागदपत्रं सांभाळत. छापून आलेल्या गोष्टीशी वाद घालणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. त्यांनी मशीनची पुस्तिका मोबाइलवर उतरवून घेतली होती; फक्त वाचली नव्हती.

"काय म्हणतो कोड? वाचा."

त्यांनी वाचलं. "ई-२. खोलीच्या तापमानाचा सेन्सर. रीडिंग मर्यादेबाहेर. सुरक्षेसाठी कूलिंग बंद."

"यात मशीन कुठे गेलंय?"

त्यांनी पान उलटून पाहिलं, परत पहिल्यापासून वाचलं. मशीन कुठेच गेलेलं नव्हतं.

"म्हणजे बाहेर गच्चीवर काही झालेलंच नाही," कुसुम म्हणाली. "परवा आमच्याकडे मॉनिटर बोंबलला. ऑक्सिजन चाळीस! धावत गेले, तर आजोबा बिस्किट खातायत आणि बोटाची क्लिप उशीखाली. अलार्म वाजला की आधी पेशंट बघायचा, मग वायर, मग मशीन. तुमचा तुकाराम थेट मशीनकडे गेला आणि डेथ सर्टिफिकेट फाडून आला."

"इथे पेशंट कोण?"

कुसुमने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर तळहात ठेवला, बावीस वर्षं कपाळांवर ठेवत आली होती तसाच. आणि झटकन काढला.

"अहो, हा तापलाय! खोली पस्तीस असेल, हा पन्नासच्या पुढे आहे."

दोघांनी एकदम खाली पाहिलं. थर्मोस्टॅटच्या वीतभर खाली लाकडी फळी होती. फळीवर पितळी समई होती. समईत श्रावणाचा नंदादीप, रविवारपासून अखंड.

तो तिथे हरिश्चंद्रांनी ठेवला होता. स्वयंपाकघरात जाळीचा वारा लागून दिवा विझे, बेडरूममध्ये विझे. सगळ्या घरात वारा न लागणारी एकच भिंत त्यांना सापडली, आणि शनिवारी हार्डवेअरवाल्याकडून फळी आणून त्यांनी ती स्वतः ठोकली. इमारत बांधणाऱ्या इंजिनिअरनेही थर्मोस्टॅटसाठी अशीच भिंत शोधली होती. दोघा हुशार माणसांचं एकमत झालं होतं.

कुसुमने समई उचलून ओट्यावर नेली. बारा मिनिटांनी ई-२ गेलं, चौतीस दिसलं, आणि छतातून गार वारा आला. ओट्यावरचा दिवा लगेच विझला.

"हे कुणाला सांगू नकोस," हरिश्चंद्र कुजबुजले. "आपली चूक म्हणून आपल्यालाच काढतील. आपोआप दुरुस्त झालं म्हणू."

"आपोआप दुरुस्त झालं म्हटलं की आपोआप परत बिघडेल. पुढच्या आठवड्यात. माप घेतलेले पडदे तयार असतील ना नव्या भाडेकरूंचे."

चार वाजता मॅनेजर आला, मागे तुकाराम. दारातच गार वारा लागल्यावर मॅनेजरने तुकारामकडे पाहिलं. तुकारामने चपलांकडे पाहिलं.

"सिस्टर, ये तो चालू है?"

"मशीन तो ठीक ही था. मेरा दिया उसके नीचे था. गलती मेरी."

हरिश्चंद्रांनी डोळे मिटले.

"तो गलती आपकी!" मॅनेजरचा चेहरा उजळला. "घर में आग? मना है. सही करो, खल्लास."

"सही करते की," कुसुम म्हणाली, आणि मग हिंदीत सावकाश, पेशंटच्या नातेवाइकांना समजावतात तसं, "आग तुमच्या घरी बखूरचा धूप जाळता त्या निखाऱ्यापेक्षा लहान आहे. तुमच्या घरून कुणाला काढलं का?"

मॅनेजरने कागद पुढे केला.

तिने त्याच्या हातातला कागद घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर इंग्रजीत लिहिलं: दिवा माझा, चूक माझी, मशीन धडधाकट आहे, मी इथेच राहते. खाली सही, तारीख, वेळ. केस-पेपर लिहितात तसं, खाडाखोड न करता.

"आता तुम्ही, तुकारामभाऊ. मशीन धडधाकट आहे की नाही?"

"ताई, मला कशाला..."

"झाकण तुम्हीच उघडलंत. आत काय मेलेलं दिसलं?"

तुकारामने मॅनेजरकडे पाहिलं नाही. "काहीच नाही," तो म्हणाला. "मला सांगितलं, मशीन गेलं असं म्हण, म्हणून म्हटलं." मग पेन घेऊन त्याने सही केली, मराठीत, मोठी, कागदाच्या कडेबाहेर जाईल अशी. हरिश्चंद्रांनी त्या कागदाचे तीन फोटो काढले आणि कधी नव्हे तो एक कागद त्यांनी फाइलला लावण्याआधी पूर्ण वाचला.

मॅनेजर गेला. जाताना तुकारामला बरोबर यायची खूण केली, तर तो म्हणाला, "चहा घेऊन येतो."

राहिला प्रश्न दिव्याचा. कुसुमने स्टूल घेतलं, स्वयंपाकघरातल्या छताच्या जाळीवर जुन्या चादरीची घडी बसवली, आणि ओट्यावर समई पुन्हा लावली. वारा बंद झाला. ज्योत सरळ उभी राहिली. चहा उकळेपर्यंत तिच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीला आला.

"अगं, उकडतंय किती इथे," हरिश्चंद्र म्हणाले. "महिनाभर असंच?"

"महिनाभर असंच. ही जाळी मी बंद केली आहे, दुसऱ्या कुणी नाही," कुसुम म्हणाली आणि तुकारामच्या कपात आलं जास्त किसलं.