वाळवलेली टिटवी

साहेब, आमची नाव गळत नव्हती. तुम्ही तिला गळकी केलं, आणि मग माणसं जमवून दाखवलं की बघा, ही गळते.

ओरडायचा जोर आता उरला नाही, म्हणून लिहितो. सगळं पहिल्यापासून लिहितो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

नाव टिटवी. लाकडी, दोन माणसांची, एका शिडाची. मोर्शीजवळच्या तलावाचं काम चालू होतं तेव्हा कोण्या इंजिनिअरनं ती मुंबईकडून ट्रकवर टाकून आणली. तेव्हाच ती म्हातारी होती. इंजिनिअर बदलून गेला, नाव गोदामामागं उलटी पडून राहिली. तिच्याखाली कुत्री व्यायची. शेवटी भंगारात निघाली तेव्हा मी आणि बशीरनं घेतली. मी पुंजाराम, मोर्शीत विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. बशीर अमरावतीला ताडपत्र्या शिवायचा. दोघांना पोहता येत होतं, यापलीकडं नावेतलं काही कळत नव्हतं.

बशीरची बायको खातूनबी पोट धरून हसली. "मोर्शीले दर्या आला का पुंजाभाऊ? मले कोणी सांगतलं नाही."

"तलाव आहे ना, भाभी."

"मंग म्हशीवर बसा. तिले शिवा लागत नाही."

कुजक्या फळ्या काढून आम्ही सागाच्या बसवल्या. तांब्याचे खिळे मिळेनात, तर वाइंडिंगच्या जाड तांब्याच्या तारेचे तुकडे तोडून ठोकले. सांध्यांत आमच्याच वावरातला सरकी काढलेला कापूस वळून कोंबला, वरून राळ ओतली. उंदरांनी कुरतडलेलं शीड टाकून बशीरनं नवं शिवलं. पहिलं ताडपत्रीसारखं सपाट झालं, वारा त्यात थांबेना. ते उसवताना तो चिडला. मी म्हटलं, "तुयासारखं पोट दे त्याले." त्यानं कात्री फेकून मारली, पण पोट दिलं.

आणि शीड भरलं, साहेब. इंजिन नाही, धूर नाही. सुकाणू हाताला ओढ देत होतं आणि फळ्यांखाली पाणी चुळचुळत होतं. बशीर म्हणाला, "आयुष्यभर पायानं मशीन चालवली. हे आपोआप चालून राहिली."

बस, एवढंच हवं होतं त्याला. त्याची बोटं आता आखडतात, सुई धरवत नाही. कारखाना मुलाकडं दिला. रविवारी एसटीनं मोर्शीला यायचं आणि सुकाणू धरायचं, ते मात्र त्याच्या बोटांना अजून जमतं.

दिवाळीनंतर तुमच्या पाटबंधारे कचेरीचा हुकूम आला. दूर कुठंतरी कुणाची तरी नाव उलटली होती, म्हणून आमची बाहेर काढा. तपासणी होईपर्यंत पाण्याला लावायची नाही. काढली. तपासणी होळीला नाही झाली, पाडव्याला नाही झाली. वैशाखात आमच्याकडं पत्र्यावर पापड भाजतो, त्या उन्हात टिटवी काठावर पडून होती. आम्ही ओला बारदाना टाकायचो, तो चहा पिऊन होईस्तोवर वाळायचा. फळ्यांमधून उजेड दिसायला लागला.

तुमच्या कचेरीत बशीर हात जोडून उभा होता. "साहेब, तपासायच्या आधी दोन-तीन दिवस पाण्यात बुडवू द्या. लकडी फुगते, सांधे मिटतात."

तुम्ही म्हणालात, "तपासणीआधी पाण्यात नाही."

मग तुम्ही आलात. पाणी प्यायलात, फळीवरून हात फिरवलात आणि अगदी घरच्यासारखं बोललात. "आमच्या हिवरखेडले अशीच जुनी गाडी होती. उन्हाळ्यात चाकं वाळली का लोखंडी धाव ढिली पडे. बाबा चाकं नाल्यात टाकून ठेवत. मी राखण बसो."

बशीर खुलला. मला वाटलं, सुटलो.

"तर मंग साहेब, तुमाले समजतेच..." तो म्हणाला.

तुम्ही हात झटकलात. "हं. सोडा पाण्यात."

सोडली. सगळ्या सांध्यांतून पाणी आत आलं. बघायला जमलेली पोरं हसली. तुम्ही म्हणालात, "निकामी." तुमच्या माणसानं तिच्या नाकावर लाल रंगानं फुली मारली. आठवड्यात हलवा, नाही तर जेसीबी लावतो, असं सांगून गाडी गेली.

बशीर काठावर बसला. "पुंजाभाऊ, आता नव्यानं कापूस भरनं माह्याच्यानं होत नाही. जाऊ दे तिले."

बाहेर ओढायचंही त्राण नव्हतं. काठोकाठ भरलेली टिटवी दोरीनं बाभळीला बांधून आम्ही निघून आलो.

दोन रात्री गेल्या. दोरी तरी घरी आणावी म्हणून मी ती सोडवायला गेलो होतो. सवयीनं बादली घेतली आणि उपसत बसलो. उपसलं तेवढं पाणी गेलं, नवं आलं नाही. बोटानं सांधे चाचपले. मिटलेले. कापसाची एक वातसुद्धा बदलली नव्हती.

फोन केला. बशीर दुपारच्या एसटीनं आला. आत बसला, तळाला हात लावला, कोरडा हात माझ्यापुढं धरला. आनंद करायचा तर तेवढं अंगात नव्हतं. आम्ही शीड चढवलं. फुली पुढं, आम्ही मागं, तलावाच्या मध्यापर्यंत गेलो.

"काठावर ओढली तर?" बशीरनं विचारलं.

"पुन्हा उन्हात वायन."

"आन पान्यात ठेवली तर?"

"जेसीबी."

तो सुकाणू धरून बसला. वारा होता तोवर वळवलंच नाही त्यानं.

टिटवी आता पाण्यातच बांधली आहे. बशीर परतीची एसटी सोडून तिच्यात बसलाय, उतर म्हटलं तर उतरत नाही. जेसीबी आणा, फुली मारणारा माणूस आणा, पण तुम्ही स्वतः या आणि तळाला हात लावा. न कळणाऱ्यावर मी रागावलो नसतो, साहेब. तुम्हाला कळत होतं. नाल्यात चाकं टाकताना तुमच्या बाबांना कोणी अडवलं होतं का? मग आम्हाला का म्हणून अडवलं? सांगा.