ग्लेझचा एक हात

पॉलिश झाल्यावर आणि वॅक्सच्या आधी ग्लेझ लावायचं की नाही, यावरून आमच्या दुकानात बावीस वर्षं भांडण चाललंय. भांडणारे दोघंच, मी आणि माझा नवरा. पॉलिश गाडीच्या रंगावरचा ओरखडा घासून काढतं. ग्लेझ तो काढत नाही, नुसता बुजवतं. वरून वॅक्स चढवलं की गाडी आरशासारखी दिसते आणि दोन-चारदा धुतली की ओरखडा परत हजर. मी म्हणायची, जुन्या गाडीचा रंग आधीच पातळ, तो आणखी कशाला घासायचा, लावा की ग्लेझ. नवरा म्हणायचा, "खोटं काम आपल्या दुकानात नाही." तिथे विषय संपायचा, कारण मशीन त्याच्या हातात आणि वॅक्सचं फडकं माझ्या.

गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा आखडला. पॉलिशचं मशीन जड, ते दिवसभर बॉनेटवर सपाट धरायचं म्हणजे सगळा भार खांद्यावर. खांदा दुखायला लागला की मशीन एका बाजूला कलतं आणि पॅडची कड रंगावर अर्धगोल फेरे उमटवत जाते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत, उन्हात दिसतात. वॅक्ससाठी गाडी दारात काढली आणि मला पहिल्यांदा दिसले तेव्हा नवरा कोपऱ्यावर चहाला गेला होता. आता याला काय सांगायचं? 'याच्यासारखा हात नाही' असं लोक म्हणतात, तेवढ्या एका वाक्यावर हा माणूस जगतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला न विचारता ग्लेझ लावलं. मग रोजचंच झालं. तो चहाला गेला की आधी ग्लेझचा एक हात, मग वॅक्स. माझं काम दुप्पट झालं. घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या उचलणंही जिवावर यायचं. तो परत येऊन दारातल्या गाडीभोवती एक चक्कर मारायचा, "काय, अजून जमतंय ना?" म्हणायचा आणि मी मान डोलवायची. असे आठ महिने काढले.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मंगळवारी भर दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांची काळी गाडी घेऊन परत आल्या. गाडी त्यांनी मुद्दाम दाराबाहेर, उन्हात उभी केली.

"तीनदा धुतली फक्त," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा."

बॉनेटभर फेरेच फेरे.

"चूक माझी आहे, बाई," मी पुढे होऊन म्हणाले. "माझ्या फडक्यात खडा राहिला असणार. मी परत करून देते."

नवऱ्याने आत जाऊन स्पिरिट आणलं आणि गाडीच्या दारावर, जिथे अजून चकाकी होती, तिथे हातभर जागा पुसली. पुसल्याबरोबर तिथलेही फेरे उघडे पडले. तो वाकून त्यांच्यावरून बोट फिरवत गेला.

"खड्याचा ओरखडा कसाही जातो," तो म्हणाला. "हे सगळे एकाच बाजूला वळलेत. मशीन कललंय. म्हणजे मी. आणि वरून ग्लेझ लावलेलं होतं."

"म्हणजे कीड तशीच ठेवून वरून सिमेंट भरलं म्हणा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तसंच. शिव्या घाला हवं तर."

"शिव्या घालायला त्राण तर हवं. सकाळपासून पाच दाढा काढल्यात मी." त्यांनी चावी त्याच्या हातात ठेवली. "नीट करा, एवढंच." आणि त्या चालत निघून गेल्या.

नवरा आत येऊन उपड्या बादलीवर बसला. मी आरडाओरड्याची वाट बघत उभी. याचा राग कायम नाकावर, आणि आज तर हक्काचं कारण होतं.

"कधीपासून?"

"आठ महिने."

"सगळ्या गाड्या?"

"सगळ्या. तुमच्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही. लोकांत तुमचं नाव आहे, ते..."

"नाव!" तो दमलेलं हसला. "अगं, पहिल्याच महिन्यात मशीन सोडणार होतो मी. या कुशीवर झोपता येत नाही मला. रोज सकाळी ठरवायचो, आज हात चुकला की बास, मशीन खाली ठेवायचं आणि तुला सांगायचं. आणि चहा पिऊन येऊन बघावं तर गाडी लखलखीत! मग कुठल्या तोंडाने म्हणू, की मला होत नाही? म्हणून ओढत राहिलो."

मी त्याचा मान राखत होते आणि तो एक चूक दिसायची वाट बघत होता. ती मी रोज त्याच्याआधी बुजवत होते. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"उद्या मशीन तू धर," तो म्हणाला. "मी सांगतो कसं ते."

त्याने ॲप्रनची गाठ सोडायला उजवा हात मागे न्यायचा प्रयत्न केला. हात कमरेपर्यंतही गेला नाही. गाठ मी सोडली.